डिसेंबरात गेलेला दसरा

शहाऐंशीच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, पुष्पलता रामटेकेने केंद्राचं दार उघडलं, चपला बाहेर काढल्या, टर्मिनलसमोर बसली आणि फायलींची यादी मागवली. मशीनने यादी दिलीच नाही. नुसता हिरवा चौकोन लुकलुकत राहिला. तिने पुन्हा मागवली. पुन्हा तेच. ती जागा रिकामी असणं शक्यच नव्हतं. तिथे शेकडो मजुरांचे चार वर्षांचे श्वास ठेवलेले होते.

श्वास म्हणजे खरोखरचे श्वास, काव्यातले नव्हेत. गांधीबागेत कापडाच्या एका गोदामावर हे छाती तपासणी केंद्र होतं. जिनिंगमध्ये सरकीपासून रुई वेगळी करताना जी धूळ उडते, ती मजुरांच्या छातीत जाऊन बसते. वर्षातून एकदा हे मजूर यायचे, नळी तोंडात धरून जीव खाऊन फुंकायचे. किती लिटर हवा निघाली ते डॉक्टर कार्डावर लिहायचे आणि पुष्पलता ते मशीनमध्ये घालायची. पुढच्या सोमवारी मुंबईहून डॉक्टरांचं बोर्ड येणार होतं. ज्याचा श्वास वर्षागणिक घसरत गेल्याचं दिसेल, त्याला धुळीतून काढून हलक्या कामावर लावू, असं मालकलोकांनी महामुश्किलीने कबूल केलं होतं. बोर्डाला नुसता आजचा आकडा नको होता. आज काय, मुद्दाम हळू कुणीही फुंकेल. त्यांना उतरण बघायची होती.

आणि मूळ कार्डं म्हणाल, तर ती उन्हाळ्यात रद्दीत गेली. केंद्राचे सचिव आनंदराव यांना रिकामी कपाटं बघायची भारी हौस. कॉम्प्युटर आल्यावर कागद कशाला, असं म्हणून त्यांनी स्वतः उभं राहून हातगाडी भरून दिली होती. पुष्पलता तेव्हा नको नको म्हणत होती, पण मोठ्या साहेबापुढे कुणाची डाळ शिजते.

आता ही पुष्पलता कोण, तर पाचपावलीतल्या विणकराची मुलगी. आईच्या, अंजनाबाईच्या, हाताखाली हातमागासाठी सुताच्या कांड्या भरत वाढली, बी.एस्सी. झाली, सरकारी केंद्रात कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि इथे लागली. एकच काम दोनदा हाताने करायचं म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. आळशी म्हणा हवं तर, पण असल्या आळसाला अक्कल लागते. रोज त्याच त्याच आज्ञा टाइप करण्यापेक्षा त्या एकदाच ओळीने लिहायच्या, त्यांना नाव द्यायचं आणि पुढे नुसत्या नावाने हाक मारायची, ही तिची रीत. नावंही घरातलीच. एकाचं नाव झाडू, एकाचं राखण.

झाडू रोज पहाटे आपोआप चालायचा. मशीनची जागा तोकडी, म्हणून त्याला सांगून ठेवलं होतं की महिनाभर ज्या फायलीला कुणी हात लावला नाही ती फेकून दे. कामाच्या फायली दर शनिवारी उघडल्या जायच्याच, त्यामुळे त्या कधी जुन्या होत नसत. जुना व्हायचा तो फक्त कचरा. झाडूचं आटोपलं की राखण उठायचा आणि मशीनमध्ये जे काही असेल त्याची नक्कल टेपवर उतरवून ठेवायचा. टेपा दोन, आलटून पालटून लावायच्या. वर्षभर हे बिनबोभाट चाललं होतं.

पुष्पलताने घाम पुसला आणि पडद्याच्या वरच्या ओळीकडे पाहिलं. मशीनमध्ये शिरताना ते स्वतःहून वार आणि तारीख दाखवतं. रोजची ओळ, कुणी वाचत नाही. तिनेही सकाळी वाचली नव्हती. तिथे लिहिलं होतं, गुरुवार, अकरा डिसेंबर.

तेवढ्यात मारोतराव आले. केंद्राचे सर्वांत जुने कारकून, कपाळावर अष्टगंध, हातात स्टीलचा डबा. मशीन चालू-बंद करण्यापुरतं तिने त्यांना शिकवलं होतं.

"मारोतरावजी, काल मशीन बंद केलं होतं काय?"

"मंग? दसऱ्याले हत्यार चालू ठेवतेत काय कोणी?" ते म्हणाले. "माह्या बापानं उभ्या जन्मात त्या दिवशी विळा उचलला नाही. दिवसभर आराम दिला त्याले. संध्याकाळी आरती केली अन् चालू केलं. तुमची चिठ्ठी होतीच ना वर लावून, चालू केल्यावर तारीख टाका म्हणून."

"मंग काय टाकलं?"

"बारा तारीख, दहावा महिना. बारा-दहा. दुसरं काय टाकणार होतो?"

पुष्पलताने डोळे मिटले. काल ती दीक्षाभूमीवर होती. गावोगावहून आलेल्या लोकांना पाणी वाढत दिवसभर उभी होती, आणि सुट्टीवर जाताना मशीनचा विचारही तिच्या मनात आला नव्हता. दसऱ्याला मशीनची पूजा होईल, ते बंद होईल आणि ती नसताना पुन्हा चालू होईल, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"मशीन आधी महिना घेते, मंग तारीख," ती म्हणाली.

"काहून?"

"तिकडं अमेरिकेत तसंच लिहितेत."

मारोतराव हळूच खुर्चीत बसले. "म्हणजे मी त्याले डिसेंबरात नेऊन ठेवलं?"

"हो. त्याले वाटलं, दोन महिने झाले, कोणी फिरकलं नाही, घर सोडून गेले सारे. पहाटे झाडूनं सारं झाडून काढलं. अन् मंग राखणनं रिकाम्या घराची नक्कल टेपवर उतरवली. टेपवर होतं तेही पुसून."

"दुसरी टेप?"

तिच्याही मनात तेच होतं. दुसरी टेप शनिवारची. ती कपाटात असायला हवी होती. कपाटात डबी होती, डबीत टेप नव्हती. मारोतरावांनी मान खाली घातली आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे पाटावर, झेंडूच्या फुलांत आणि आपट्याच्या पानांत, टेपचं उघडं रीळ बसलं होतं. मधोमध हळदकुंकवाची पाच बोटं आणि वरून चिमूटभर कुंकू भुरभुरलेलं.

"डबीत काहून नाही ठेवलं?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"पूजा डबीची करतेत काय, पुष्पाबाई? हत्याराची करतेत," मारोतराव म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की तिला पुढे बोलवेना. राग मात्र आला होता, चांगला सणसणीत आला होता. त्यांचा आला, आनंदरावांच्या हातगाडीचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. चिठ्ठीवर आणखी दोन शब्द लिहायला हात झिजले असते काय?

आनंदराव अकराला आले, सगळं ऐकलं आणि लालबुंद झाले. "म्हणजे तुमच्याच झाडूने घर धुऊन नेलं. मी आधीच म्हणत होतो, हे आपोआप चालणारे प्रकार बंद करा. आता कुणीही मशीनला हात लावायचा नाही. मुंबईहून कंपनीचा माणूस येईल तो बघेल."

"कधी येईल, सर?"

"दहा-पंधरा दिवस लागतीलच."

"बोर्ड सोमवारी येणार आहे."

आनंदरावांनी टेबलावर पेन आपटलं. "मला वर कळवावं लागेल. कुणाच्या हातून झालं म्हणून लिहू?"

मारोतराव दारात उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, पण पुष्पलता आधी बोलली. "माझं नाव लिहा. झाडू मी लिहिला, चिठ्ठी मी लिहिली. घड्याळावर आंधळा विश्वास मी टाकला. पण सोमवारपर्यंत मशीन माझ्या हातात द्या. त्यानंतर काढून टाकायचं तर टाका."

"आणि होती ती टेपही बिघडवली तर?"

"वाचता येत नाही ती टेप आणखी काय बिघडेल, सर?"

आनंदराव 'करा काय करायचं ते' म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. बाहेरून कडक दिसले तरी माणूस घाबरला होता, हे पुष्पलताला कळलं. हातगाडीची आठवण त्यांनाही झालीच असणार.

दुपारी रुपराव आले. हे तिच्याच मोहल्ल्यातले, वडिलांचे मित्र, जिनिंगमध्ये वीस-बावीस वर्षं काढलेले. जिना चढून आले की आधी कठड्याला धरून उभे राहायचे, बोलणं मागून. त्यांनी खिशातून आपट्याचं पान काढून तिच्या हातावर ठेवलं.

"सोनं घे, पोरी. अन् सांग, माहा कागद निघाला काय?"

"निघून राहिला, काकाजी. सोमवारी घेऊन जा."

"नीट पाह्य बरं. पहिल्या साली मी मस्त फुकलं होतं. डॉक्टर म्हणे, शाबास. मंग मले त्या पिंजऱ्यावाणी नव्या शेडात टाकलं अन् तवापासून हे असं झालं." ते छातीवर हात ठेवून खोकत बसले. पुष्पलताने पाणी दिलं. आपण खोटं बोललो याची तिला लाज वाटली, आणि मग तिने ठरवलं की सोमवारपर्यंत ते खरं करून दाखवायचं.

तिने आधी मशीनची तारीख नीट केली. झाडूला आणि राखणला झोपवलं. रिळावरची दिसेल तेवढी धूळ फुंकून झटकून टेप लावली आणि वाचायची आज्ञा दिली. मशीनने दोन हात टेप ओढली, घरघरलं आणि सगळी टेपच वाईट आहे म्हणून मोकळं झालं. मशीनचं हे असं असतं, पहिल्या घासाला खडा लागला की ताटावरून उठतं.

मंगळवारी तिने त्याला जेवायला शिकवलं. दहा-बारा ओळींचीच आज्ञावली होती ती. वाचता आलं तर ठेव. नाही आलं तर किती गेलं ते लिही आणि पुढचं घे. काही झालं तरी थांबू नको. ऐकायला सोपं, पण प्रत्येक ओळ जागेवर बसेपर्यंत तिचा जीव मेटाकुटीला आला. एकदा मशीन एकाच तुकड्यावर तासभर डोकं आपटत राहिलं, एकदा चांगल्या तुकड्यांनाही ओलांडून गेलं. संध्याकाळी कुठे गाडी रुळावर आली. टेप पुढे सरकू लागली आणि पडद्यावर नावं उमटू लागली. शेवटची तीन वर्षं जवळजवळ जशीच्या तशी निघाली. पहिलं वर्ष मात्र आलं नाही. टेपवर जे आधी लिहिलं जातं ते रिळाच्या बाहेरच्या वेढ्यांत बसतं, आणि कुंकू नेमकं तिथेच शिरलं होतं. तिने झाकण उघडून टेप वाचणारा भाग पाहिला, तर तो लालभडक झालेला. आणखी दोन-चार वेळा चालवली असती तर टेप खरडली गेली असती.

आनंदराव मात्र खूश झाले. "तीन वर्षं मिळाली ना? पुष्कळ झालं. पहिलं सोडून द्या."

पुष्पलताने रुपरावांची ओळ काढून त्यांच्यापुढे ठेवली. दोन पूर्णांक चार, दोन पूर्णांक तीन, दोन पूर्णांक तीन. "हे पाहा, सर. यात उतरण कुठे आहे? बोर्ड म्हणेल, या माणसाची छाती पहिल्यापासूनच एवढी. हा पडला तो पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधे. त्या नव्या शेडात गेलेले सगळे असेच पडलेत. पहिलं वर्ष सोडलं तर हे सगळे सोडल्यासारखे झाले."

"पण ते निघणार कसं?"

"हातानं," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी ती खालच्या गोदामात गेली आणि मलमलीचे तुकडे मागून आणले. कापूस चालणार नव्हता, तो स्वतःच तंतू सोडतो. डॉक्टरांच्या कपाटातून स्पिरिट घेतलं. टेबलावर दोन खिळे ठोकून एकावर भरलेलं रीळ, दुसऱ्यावर रिकामं रीळ अडकवलं. हे सगळं लावताना तिला हसूच आलं, कारण ही तर घरची कांडी भरायची मांडणी झाली. इकडून सुटायचं, बोटांतून जायचं, तिकडे गुंडाळायचं. ताण जास्त झाला तर तुटतं, कमी झाला तर गुंता. अंजनाबाई लहानपणी तिच्या बोटांवर टपली मारून सांगायची, धरायचं नाही वं, नुसतं सोबत राहायचं.

मारोतराव बराच वेळ लांब उभे राहून बघत होते. मग जवळ आले.

"रीळ मी फिरवू काय? तुमचे दोन्ही हात मोकळे राहतीन."

तिने क्षणभर विचार केला. "हळू फिरवा. मी थांब म्हटलं की थांबायचं. हात धुऊन या."

मारोतराव हात धुऊन आले. कपाळावरचं अष्टगंधही पुसून आले, ते तिने पाहिलं. मग दोघं बसली. मारोतराव रीळ फिरवायचे, तिच्या बोटांत मलमल, मलमलीतून ती तपकिरी पट्टी सरकायची. सुकं कुंकू सहज निघायचं. ओलं होऊन चिकटलेलं असलं की थांबायचं, स्पिरिटचा एक थेंब लावायचा, वाळू द्यायचं आणि पुढे. जिथे जोर लावावासा वाटे तिथे ती हात आखडता घ्यायची. बुधवार गेला, गुरुवार गेला. लाल तुकड्यांचा ढीग साचत गेला, मान मोडून यायची, आणि दर थोड्या वेळाने मारोतरावांचं सुरू व्हायचं.

"साहेबाले तुमी माहं नाव काहून नाही सांगितलं?"

"तुमी रीळ फिरवून राहिले ना? मंग फिरवा."

"मी सांगून येतो साहेबाले."

"आधी हे होऊ द्या. नावं ठेवायले सारी जिंदगी पडली आहे."

शुक्रवारी दुपारी टेप पुन्हा चढवली. वाचणारा भाग तिने स्वतः पुसून लख्ख केला होता. आज्ञावलीला हाक मारली. मशीन घरघरलं, अडखळलं, एक तुकडा सोडून पुढे गेलं. आणखी एक सोडला. मग सरळ चालू लागलं आणि पहिल्या वर्षाची नावं धडाधड उतरू लागली. मारोतराव हात जोडायला गेले आणि मधेच त्यांनी ते खाली घेतले.

"जोडा, जोडा," पुष्पलता म्हणाली. "कुंकू तेवढं नको." हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि ते तिने लपवलंही नाही.

काही नावं गेली ती गेलीच. थोडी थोडकी, पण गेली. पुढच्या वर्षांच्या यादीवरून त्यांची ओळख पटवून ती त्यांच्या दाराशी गेली, आणि त्यांतल्या दोघांकडे पहिल्या वर्षी डॉक्टरांनी आकडा लिहून दिलेली चिठ्ठी सापडली. बाकीच्यांसाठी तिने बोर्डाला खरं काय झालं ते लिहून दिलं. आनंदरावांनीही त्यावर सही केली, आणि कुणी न विचारता हातगाडीचीही ओळ त्यात घातली. मारोतरावांनी शेवटी साहेबांना सांगितलंच. साहेब म्हणाले, आता नावं पुरे, कपाटं भरायची सोय बघा.

सोमवारी बोर्ड आलं, कागद बघितले, माणसं तपासली. नव्या शेडातल्या लोकांची उतरण बघून त्यांच्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि तेच कागद पुन्हा वाचले. रुपरावांना हलकं काम मिळालं, फाटकावर बसायचं.

पुष्पलता हुश्श म्हणून बसली नाही. तिने झाडूला नवी अट घातली, की एकदम फार फेकायची पाळी आली तर काही फेकू नको, मला विचार. राखणलाही बजावलं, रिकाम्या घराची नक्कल करू नको. तिसरी टेप मागवली. आणि एक नवीनच आज्ञावली लिहिली, तिचं नाव वार. मशीन सुरू झालं की आणि रोज नोंदी घालण्याआधीही ती रोमन अक्षरांत विचारायची, आज कोणता वार? तारीख माणूस कशीही लिहितो, पण सोमवारला कुणी गुरुवार म्हणत नाही. माणसाचा आणि मशीनचा वार जुळला नाही तर पुढचं काहीच चालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपराव आले. कठड्याला धरून उभे राहिले, मग आत आले. त्यांच्या हातात बोर्डाला दाखवलेल्या कागदाची नक्कल होती.

"पोरी, हा पहिला आकडा माहाच आहे ना?"

"तुमचाच, काकाजी. तीन पूर्णांक सहा."

"अन् हा आताचा?"

"दोन पूर्णांक तीन."

रुपराव त्या दोन आकड्यांवर आळीपाळीने बोट ठेवत राहिले. चार वर्षं त्यांना नुसतं वाटत होतं. आज पहिल्यांदा ते छापून समोर आलं होतं. हलकं काम मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता, तो हळूहळू मावळला.

"मशीनमधलं गेलेलं सारं तू परत आणलं म्हणतेत," ते म्हणाले. "हे मधलं गेलेलं आणता येते काय?"

पुष्पलताला खोटं बोलायचं नव्हतं. एकदा बोलून तिने आठवडाभर त्याची भरपाई केली होती. "नाही येत, काकाजी," ती म्हणाली.

रुपरावांनी मान हलवली. कागद नीट घडी घालून खिशात ठेवला, खुर्ची ओढली आणि ताठ बसले.

"मंग ती नळी आण. आता आहे तेवढं तरी लिहून ठेव. याच्यातला एक कण जाऊ देत नाही मी."

तिने फुंकायची नळी त्यांच्यापुढे ठेवली आणि मशीनला हाक मारली. पडद्यावर प्रश्न आला. तिने तो रुपरावांना वाचून दाखवला.

"मंगळवार," रुपराव म्हणाले, आणि त्यांनी नळी तोंडात धरली.